माझ्या कुंपणाशी ती काय सांगते

— नाही हो, बसा खुशाल, हा बाक स्मारकाचा नाही, माझा आहे, इथं बसायला कुणाची परवानगी लागत नाही. तो बूट काढा आधी. नवा घातलात ना? छळछावणी बघायला येताना माणसं नवे बूट का घालतात मला कळत नाही, दर उन्हाळ्यात एकदोघं तरी वरच्या रस्त्यावरून चुकून इकडं लंगडत येतात — पण बसलात ते तुम्हीच पहिले. बाकीचे पाणी मागतात, नाहीतर संडास कुठं आहे विचारतात. पंचाहत्तरी उलटली माझी, सगळा जन्म या रस्त्यावर गेला, आणि जगभरातून आलेल्या माणसांनी मला काय विचारलं, तर संडास. जाऊ द्या तुमच्या गटाला पुढं. दगडाच्या खाणीपाशी तुमच्या वाटाड्या बाईंना बराच वेळ लागतो, तिथं त्या सविस्तर सांगतात, तुम्ही सावकाश गाठाल त्यांना. केक घ्या. आलुबुखारचा आहे, ताजा, तुमच्यासाठीच केलाय — म्हणजे असाच, केला होता, तुम्ही आलात.

बाई कशा वाटल्या? बाई म्हणजे लिंडे, माझी मुलगी ती. तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं? बरं. लोकांना वाटतं सहसा, आमचे चेहरे मुळीच मिळत नाहीत. मला वाटायचं पोरीनं डॉक्टर व्हावं. झाली हो डॉक्टर, पण इतिहासाची, माझ्या गुडघ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. व्हिएन्नात चांगली नोकरी होती, ती सोडून इथं आली, का तर म्हणे हे काम इथंच करायला हवं — करा. रविवारी येते जेवायला. मी मांस भाजते, कोबी करते, ती भांडी घासते. बोलतो की आम्ही, नाही कसं — छपराविषयी बोलतो, गुडघ्यांविषयी बोलतो, तिचा नवरा तिला सोडून गेला त्याविषयीसुद्धा बोलतो, इतकं मोकळं आहे आमचं. छावणीविषयी नाही. जेवताना कोण बोलतं असलं.

आता एक सांगा मला. सांगाल ना? आधी हे गट वरच्या रस्त्यानं जायचे, बसथांब्यावरून सरळ. या वसंतापासून तिनं हा माझ्या दारावरचा रस्ता धरलाय. का, ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, रस्ता काय माझ्या बापाचा आहे. पण होतं काय — लोक येतात बडबडत, कुणी पोरगं केळं खात असतं, आणि इथं, बरोबर माझ्या कुंपणाशी, ती थांबवते त्यांना. घराकडं पाठ करून उभी राहते. काहीतरी सांगते, हळू आवाजात — आणि सगळे एकदम गप्प. मग माझ्या खिडकीकडं बघतात. मग मयताच्या घरावरून जावं तसे चवड्यांवर जातात. परवा एक जपानी बाई मला कमरेत वाकून नमस्कार करून गेली. मी बटाटे सोलत होते. खिडकी उघडी टाकून बघितली मी, पण कान गेलेत माझे, आणि तिची पाठ इकडं, ओठही दिसत नाहीत. तेव्हापासून गटाच्या दिवशी केक करते आणि या बाकावर ठेवून बसते. आत्तापर्यंत फक्त गांधीलमाश्या आल्या.

नाही, तुम्ही खा. खाऊन झाल्यावर सांगा. मला एवढंच कळायला हवं, की माझ्या बापाविषयी ती काय सांगते. सांगत असेल ना काहीतरी, त्याचंच घर हे, आणि तो छावणीत कामाला होता. आता होते की सगळेच, आख्ख्या गावाला तिथंच काम. तो स्वयंपाकी होता. तुम्ही गावात विचारा, प्रत्येकाचा बाप छावणीत स्वयंपाकीच होता — टपालवाल्याचा बाप स्वयंपाकी, आमच्या नगराध्यक्षाचा आजा स्वयंपाकी, एवढे स्वयंपाकी कुठल्या राजवाड्यात नसतील, आणि माणसं मेली उपाशी. पण माझा खरंच होता. युद्धानंतर अमेरिकनांनी दोन वर्षं आत ठेवला आणि मग सोडला, स्वयंपाक्याला किती दिवस ठेवणार. लिंडेलाही मी लहानपणापासून हेच सांगत आले. आता घरात तो काही करायचा नाही, ते खरं. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची, तेव्हापासून चूल माझ्याकडं, त्याला अंडं तळता यायचं नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही. हजार माणसांचं रांधणारा माणूस एकेक अंडं कशाला तळेल.

शांत माणूस हो. मला कधी बोट लावलं नाही. कुत्रा मात्र घरात ठेवू दिला नाही. इतकी रडले मी एका पिलासाठी, पण नाही म्हणजे नाही, आणि आश्चर्य म्हणजे गावातली कुत्रीही त्याला टरकून असायची, तो रस्त्यानं निघाला की गाडीखाली जाऊन बसायची. एकदा चर्चच्या जत्रेत खाटकाचा कुत्रा साखळी तोडून सुटला, हा एवढा मोठा काळा, आणि पोरांच्या अंगावर धावला. माझा बाप माझा हात धरून उभा होता. त्यानं हातसुद्धा सोडला नाही माझा. एक शब्द बोलला फक्त, मोठ्यांदा पण नाही — आणि तो कुत्रा जागच्या जागी जमिनीला चिकटला, पोट टेकून, आणि मुतला. लोकांनी शाबासकी द्यायला हवी होती की नाही? पोरं वाचली ना? बॅंडवाले थांबले होते. खाटकानं येऊन कुत्रा उचलून नेला, आणि बापानं मला बदामाच्या आकाराचं आल्याचं मोठं बिस्किट घेऊन दिलं, साखरेची नक्षी असलेलं, आणि मला ते खाववेना. आठ वर्षांची होते. तेव्हाच मला कळलं. म्हणजे — एवढं कळलं, की त्याला कुत्र्यांतलं कळतं.

आणि मरताना. तापात होता शेवटचा आठवडा, त्या वरच्या खोलीत, आणि एकच शब्द ओरडायचा. धर. धर, धर, सारखं धर, अंथरुणात उठून बसायचा आणि बोट दाखवायचा. लिंडे दहा वर्षांची, दारात उभी. म्हणाली, आजोबा काय धरायला सांगतायत? मी म्हटलं, पातेलं. पातेलं धर म्हणतायत, जुनं काम आठवतंय त्यांना. ती खाली गेली आणि खरंच पातेलं घेऊन आली हो. त्याच्या उशाशी ठेवलं तिनं. दुसऱ्या दिवशी मी तिला नणंदेकडं पाठवून दिली, तो जाईपर्यंत आणली नाही. पोराच्या जातीला कशाला हे. बापाचं पाप मला चुकलं नाही, पण तिथंच अडवावं, पुढं तिच्यापर्यंत जाऊ देऊ नये, एवढं तर आईच्या हातात असतं की नाही? आणि अडवलंय मी. म्हणून तर विचारते. ती स्वयंपाकी म्हणूनच सांगते ना? आजोबा इथं स्वयंपाकी होते, असंच ना?

असे बघू नका माझ्याकडं. सांगा.

हं. नावानिशी? आडनावासकट. हं — कुत्र्यांच्या तुकडीवर. असं म्हणाली. शब्द हाच वापरला? आणि माझे आजोबा म्हणाली, सगळ्यांसमोर, त्या केळं खाणाऱ्या पोरांसमोर? आवाज कापला का तिचा? नाही. नाही कापणार, घट्ट आहे ती. मग तुम्ही सगळे गप्प का — काय? पुन्हा सांगा, या कानाशी सांगा. हळू बोला म्हणाली. कारण आई या घरात राहते. हं. आईला माहीत नाही. आईला वाटतं, तिचा बाप स्वयंपाकी होता, आणि या वयात तिला — हं. घरावरून न सांगता जाणं जमत नाही, आणि आईला सांगणंही जमत नाही. असं म्हणाली. तुम्हा परक्या माणसांना म्हणाली.

पोर माझी. वेडी पोर. कधीपासून वागवतेय एकटीच, आणि रविवारी येऊन भांडी घासते. मी आपली चूल झाकून बसले, धूर तिच्याकडं जाऊ नये म्हणून, आणि ती धुरातच उभी. वाईट वाटतंय हो मला, फार वाईट वाटतंय, इतकं बापाच्या मरणाचं वाटलं नव्हतं. बरं. असू दे. तुम्ही बूट घाला. तिला गाठलंत आणि तिनं विचारलंच, कुणाकडं बसला होतात, तर म्हणा म्हातारीकडं, केक खाल्ला. म्हातारी काय बोलत होती विचारेल, विचारणारच, जीव उडेल तिचा — तर सांगा, स्वतःच्या बापाच्या हातच्या सूपचं कौतुक करत होती. गाजर घालून करायचा म्हणाली. एवढं सांगा म्हणजे तिला बरं वाटेल, चाललंय ते चालू दे तिला. सांगाल ना?

काय? अजून एक नाव घेते? कुणाचं?

बोगुमिल. पोलिश असणार. एकोणीस वर्षांचा. सैनिक होता का? — सुतार. खाणीतून पळाला आणि या उतारावर धरला, कुत्र्यांनी. कुठं, इथं? या वळणावर. हं. त्याला बहीण होती, ती येऊन गेली एकदा, म्हणाली लिंडे. इथं आली होती? कधी? मी असणार की घरात, मी कुठं जाते. माझ्यासमोरून गेली असणार.

बोगुमिल. नीट म्हणतेय ना मी?

बाकी सगळं माहीत होतं हो मला. हे नव्हतं. इतकी वर्षं मी कुत्र्यांचंच ऐकत आले, ते कुणावर सोडले त्या माणसाला नाव असेल हे माझ्या मनात कधी आलंच नाही, आणि हे मी तुम्हाला का सांगतेय. लिंडे बरोबर सांगते. आईला माहीत नाही म्हणते, ते बरोबर आहे तिचं.

उठा आता, तुमचे लोक वर दिसेनासे झाले. सूपचं सांगू नका तिला. नको, काहीच सांगू नका. रविवारी येते ती जेवायला. तुम्ही जा, आणि ते फाटक ओढून घ्या.