देवीची पेटी आन् किल्ल्यातली बाई

…आणि वर साहेब म्हणतात, "पेटीच आहे ना बाई, वाघ आहे का?" वाघ असता तर बरं झालं असतं, वाघाला बघून पोर रडली तरी असती, माझी सगुणा त्या पेटीकडं बघून हसती, भर दुपारी, सगळं आवार सामसूम असताना, दोन्ही हात पुढं करून, जसं कुणी तिला घ्यायला वाकलंय… आन् अंगाला हात लावावा तर तव्यागत तापलेलं.

तुमाला सांगते, आमचे हे मामलेदार कचेरीत शिपाई, खोली आवारातच. पेटी शेजारच्या गावच्या देवीची, आत जत्रेचा शालू आन् मुखवटा. आप्पासो गुरव म्हणतो देवीला मी नेसवणार, नानासो गुरव म्हणतो मी. सख्खे चुलतभाऊ, काठ्या निघाल्या, म्हणून साहेबांनी पेटीच ताब्यात घेतली. कुलूप साहेबांचं, वर लाखेची मोहर दोघांची, जत्रेआधी सात दिवस द्यायची, जत्रा सरली की परत. पण तिजोरीच्या खोलीची कौलं उतरवलेली, मग पेटी ठेवली कुठं? आमच्या खोलीत, सगुणाच्या पाळण्याशेजारी.

हेडकारकून रुबेनकाका पेणकडचे, बेने इस्राएल, म्हंजी यहुदी, शनवारी चूल न पेटवणारे. ते म्हणाले, "पोरी, हे जुनंच आहे. आमच्या यरुशलेमात रोमचा सुभेदार हेच करायचा. मुख्य याजकाचा, म्हणजे बड्या पुजाऱ्याचा, सणाचा झगा किल्ल्यात कोंडलेला, वर याजकांची लाखेची मोहर, सणाआधी सात दिवस मिळायचा. झगा ज्याच्या ताब्यात, याजक त्याच्या मुठीत. किल्ल्याचा नाईक रोज तिथं दिवा लावायचा."

"नाईकाला बायकू होती का, काका? तान्हं मूल? तिचं काय झालं?"

"ते कुणी लिहून ठेवलं नाही."

घ्या. सुभेदार लिहिला, याजक लिहिला, दिवासुद्धा लिहिला… बाईचं काय झालं?

त्या दिवसापासनं मी पेटीपुढं दिवा लावाय लागले. ह्यांनी बघितलं, म्हणाले, "सातवी शिकलीस आन् पेटीला भितीस?" म्हटलं, भ्यायला शाळा लागती व्हय? आत शालू सळसळतो, मी ऐकलाय, हे म्हणतात उंदीर… उंदराला जरीचा आवाज असतो?

पोरीचा ताप उतरंना. काकांना म्हटलं, तुमच्या लोकांनी झगा सोडवला कसा? तर म्हणाले, एक बडा सुभेदार खूश झाला, त्यानं देऊन टाकला. पुढचा आला, म्हणाला, परत आणा. शेवटी माणसं थेट रोमला गेली बादशाकडं, तेव्हा सुटला. आता मी ही पोर काखेत घेऊन रोमला जाऊ? आन् तिकडं किल्ल्यात त्या बाईचं काय झालं?

जत्रेला सात दिवस उरले, पेटी गेली. सांजेला पोर घामानं भिजली, ताप उतरला, दूध प्याली. मी उंबऱ्यात बसून रडले.

जत्रा सरली, पेटी घेऊन दोघं गुरव परत. साहेब म्हणाले, "कौलं चढलीत, तिजोरीत ठेवा." आप्पासो म्हणाला, "नको साहेब, औंदा शालूला कसर लागली न्हाई, बाईंच्या दिव्याची पुण्याई. हितंच ऱ्हाऊ द्या." आन् अकरा वर्सात त्याच्या एका शब्दाला हो न म्हटलेला नानासो म्हणाला, "व्हय, माझंबी त्येच म्हणणं."

साहेब इतके खूश झाले की पेटी आमच्याच खोलीत ऱ्हाईल असा कायमचा हुकूम लिहून दिला. सगुणा पाळण्यातनं पेटीकडं बघून हसली.

रुबेनकाका, लिहून ठेवा आता. त्या बाईचं काय झालं ते मला कळलंय. काय न्हाई झालं. रोज दिव्यात तेल घालत बसली.