आभाळाचं नाव काढाचं नाही

कमलाकर : मी काय म्हणतो ते आधी ऐकून घे, मग पाहिजे तर फोन ठेव. रेघ तुटली नाही, घनश्याम. ढगांची ती अख्खी रेघ नांदगाव खंडेश्वर ओलांडून सरळ नेरकडे निघाली आहे. तुझ्या गावावर.

घनश्याम : सर, आजच्या दिवशी तरी सोडा ना बाप्पा मले! इकडे माह्या पोरीचं लग्न हाय. गोरजाचा मुहूर्त हाय. मांडवात पाहुने बसले, नवरदेव मारुतीच्या देवळात येऊन टेकला, अन् तुमची आपली रेघ!

कमलाकर : तुझ्या पोरीचं आहे म्हणूनच फोन केला. दुसऱ्याच्या पोरीचं असतं तर तूच मला केला असता. रोज दुपारी करतोस. ‘सर, पश्चिमेले ढगाची गोबी फुटली. सर, आज गडगडते.’ आज तुला गोबी दिसत नाही का?

घनश्याम : दिसून राह्यली ना. आंधळा नाही मी. पर दूर हाय. इथं ऊन हाय चांगलं कडक. पान हालत नाही.

कमलाकर : पान हलत नाही हीच तर भीती! मे महिन्यात भर पाच वाजता वारा असा मेल्यासारखा पडला की मागून काय येतं, ते आपण दोघांनी शंभरदा पाहिलं आहे.

घनश्याम : शंभरदा पाह्यलं अन् पन्नासदा फसलो.

कमलाकर : ग्रुपवर नांदगावच्या बाबूसिंगचा निरोप वाचलास? त्याच्याकडे गारा पडल्या. लिंबाएवढ्या. शेजारच्या गोठ्याचे पत्रे उडाले.

घनश्याम : बाबूसिंगच्या गारा! त्याच्या गारा कधी बोराएवढ्या पडल्या काय? मांगच्या साली नारळाएवढ्या पडल्या होत्या. फोटो मांगतला तं म्हने वितळल्या.

कमलाकर : आज फोटो पाठवला आहे. तळहातावर ठेवून. अन् तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

घनश्याम : टावर गेला असन.

कमलाकर : टॉवर कशानं गेला असेल?

घनश्याम : हळू बोला सर. तुमचा आवाज बाहेर येते. इथं मांगंच सदाशिवरावचे भाऊबंद बसले हाय.

कमलाकर : बसू दे. कोण सदाशिवराव? तुझे व्याहीच ना? ऐकू दे त्यांनाही. मांडवात माणसं किती आहेत?

घनश्याम : सातशे-आठशे. अजून येऊनच राह्यले.

कमलाकर : अन् मांडव कशाचा?

घनश्याम : बिछायतवाल्यानं मोठा डोम टाकला. लोखंडी पाइपाचा. मधात झुंबर. माह्या समीक्षाच्या मायची हौस.

कमलाकर : उघड्या वावरात लोखंडी पाइप, वरून कापड, अन् खाली आठशे माणसं. हे मी तुला सांगून राहिलो, घनश्याम? तुला? आपल्या ग्रुपवर इशारा टाकायचा तर दोघांचा ‘हो’ पाहिजे, एकट्याच्या मनावर नाही, हा नियम कोणी केला? तू केला. माझा ‘हो’ आहे. वीस गावं त्या ग्रुपवर डोळे लावून बसली आहेत. तुझा ‘हो’ दे.

घनश्याम : नाही देत.

कमलाकर : काहून?

घनश्याम : तुमाले माहीत हाय काहून.

कमलाकर : मागच्या वर्षीचं डोक्यात घेऊन बसलास? इशारा टाकला, वादळ आलं नाही, संपलं. शिव्या मीही खाल्ल्या तुझ्यासोबत.

घनश्याम : तुमी यवतमाळात बसून खाल्ल्या! मी नेरच्या बाजारात खाल्ल्या. सदाशिवरावच्याच मोठ्या पोराचं लग्न होतं ते. माह्या इशाऱ्यापायी सारं वऱ्हाड टिनाच्या शेडमंदी कोंबलं. दोन बाया चक्कर येऊन पडल्या. बुंदी घामानं भिजली म्हनत होते लोक. अन् पानी? एक थेंब नाही. तवापासून पानठेल्यावर गेलो का पोट्टे म्हनतात, ‘वेधशाळा आली.’

कमलाकर : पण तरी त्यांनी तुझी पोरगी केली ना धाकट्याला?

घनश्याम : केली. मानूस चांगला हाय. बोलनीत देनं-घेनं काही नाही म्हनले. मंग सुपारी फोडाच्या वक्ताले, सारे बसले असताना म्हनले, ‘व्याही, माही एकच अट हाय. लग्नाच्या दिवशी आभाळाचं नाव काढाचं नाही.’ सारे हासले. मीबी हासलो. अन् त्यायच्या हातावर हात देल्ला.

कमलाकर : थट्टा केली असेल, बाप्पा.

घनश्याम : थट्टा नव्हती सर. तोंड हासत होतं, डोळे नाही.

कमलाकर : म्हणजे त्या शब्दापायी तू आठशे माणसं...

घनश्याम : पोरीले त्याच घरात नांदाचं हाय! पहिल्याच दिवशी बापानं शब्द मोडला, अन् पानी नाही आलं, तं काय? रोज सकाळी चहाच्या कपासंग टोमणा. मले वेधशाळा म्हना, मले काही नाही वाटत. तिले म्हनतील, ‘वेधशाळेची पोरगी.’ ते नाही सोसवत मले.

कमलाकर : अन् आलं तर?

घनश्याम : नाही येत! माह्या मोबाइलवर रडारचं चित्र हाय ना. रेघ फुटली. एक तुकडा वरते चांदूरकडे, एक खाली दारव्ह्याकडे. मधात नेर साफ. पाहा तुमी.

कमलाकर : फुटली? माझ्यासमोर तर ती धनुष्यासारखी वाकून पुढे आली आहे, अन् नेमकं मधलं टोक तुझ्याकडे आहे. थांब. तुझ्या चित्रावर वेळ काय लिहिली आहे?

घनश्याम : कायची वेळ?

कमलाकर : कोपऱ्यात असते. वाच.

घनश्याम : चष्मा घरात हाय माहा.

कमलाकर : चष्म्याशिवाय रेघ फुटलेली दिसते अन् वेळ दिसत नाही?

घनश्याम : सर, ठेवतो मी. वाजंत्री वाजून राह्यली, वरात निघाली वाटते.

समीक्षा : द्या इकडे तो फोन. द्या ना बाबा! काका, मी समीक्षा. चित्र पावणेचारचं आहे. आता सव्वापाच झाले.

घनश्याम : तू काहून बाहेर आली? नवरीनं असं आचाऱ्याच्या चुलीपाशी येऊन...

समीक्षा : खिडकीतून पाहून राह्यली होती मी. तुम्ही कधीचे इथं वरणाच्या गंजाच्या मांगं लपून भांडून राह्यले. अन् तुमच्या पाठीमागचं आभाळ पाह्यलं का? वांग्यासारखं झालं.

घनश्याम : नेट नाही चालत इथं. आठशे मोबाइल एकाच टावरवर, म्हून चित्र जुनं राह्यलं.

समीक्षा : चालते नेट. हे पाहा, मी आता नवं केलं, आलं लगेच. तुम्ही नवं केलंच नाही बाबा. दीड तासापासून त्याच चित्राकडे पाहून राह्यले.

कमलाकर : घनश्याम?

घनश्याम : हो. नाही केलं. भेव वाटलं मले. नवं चित्र पाह्यलं असतं तं बोला लागलं असतं. म्हून नाही पाह्यलं. आता तुमीच सांगा सर, काय करू? शब्द देऊन बसलो मी.

समीक्षा : काका, वेळ किती आहे?

कमलाकर : वीस मिनिटं. फार तर पंचवीस. अन् लक्षात ठेव, पाऊस मागून येईल, वारा आधी. पाऊस येण्याची वाट पाहत बसू नका. टिनाखाली जायचं नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. स्लॅबची जागा आहे जवळपास?

समीक्षा : शाळा आहे ना, रस्त्यापलीकडे. सहा खोल्या अन् लांब व्हरांडा. चावी खिचडीवाल्या मथुराबाईपाशी राहते, त्या फाटकावर कुंकू लावून राह्यल्या.

कमलाकर : मग उभी काय आहेस? अन् देवळात निरोप धाड, वरात तिथूनच शाळेत वळवा म्हणावं. मांडवाची लाइट बंद करा. आचाऱ्याला गॅस बंद करायला सांग.

घनश्याम : थांब समीक्षा! म्या शब्द देल्ला हाय.

समीक्षा : तुम्ही देल्ला. मी नाही देल्ला.

घनश्याम : अवं, नवरीनं माइकवर बोलाचं काय? कोन काय म्हनन?

समीक्षा : काय म्हणाचं ते शाळेत बसून म्हणतील. काका, तुमचा ‘हो’ आहे ना? मग हा माझा. झाले दोन. टाका इशारा.

कमलाकर : टाकला. वीसही गावांना गेला. पळ आता.

घनश्याम : गेली सर. शालू खोचून गेली. माय तिची मांगून ओरडून राह्यली... भटजीच्या हातातून माइक घेतला तिनं.

कमलाकर : येतं आहे ऐकू. काय आवाज आहे पोरीचा! ‘घाबरू नका, म्हाताऱ्यांना अन् लेकरांना आधी न्या...’ शाबास. घनश्याम, लोक उठून राहिले का?

घनश्याम : बाया उठल्या. मानसं बसूनच हाय, हासून राह्यले काही जन. ‘वेधशाळा’ म्हनलं कोनीतरी. अन् सर, सदाशिवराव उठले. इकडेच येऊन राह्यले. लाल झाले हाय. ठेवतो मी फोन. आता जे होईल ते.

(पाऊण तासानंतर. तोच फोन.)

कमलाकर : उचल, अरे उचल... हॅलो! घनश्याम! कधीपासून लावून राहिलो मी. बोल.

घनश्याम : हाव सर. सारे हाय. सारे जिते हाय.

कमलाकर : देवा! जीव टांगणीला लागला होता इथं. मांडव?

घनश्याम : मांडव नाही. पहिल्याच झपाट्यात उचलला. पाइप कपाशीच्या पराटीवानी वाकले. एक तं विजेच्या तारांवर जाऊन पडला. झुंबर कुठी गेलं पत्ताच नाही. मंग गारा. बाबूसिंग खोटं नव्हता बोलत.

कमलाकर : अन् माणसं?

घनश्याम : शाळेत. एकाचं टाळकं फुटलं गारीनं, तेवढंच. वरात देवळातूनच वळवली, नवरदेव चिखलात माखला, पर आला. वरणाचा एक गंज सांडला. बाकी पोट्टे खांद्यावर घेऊन पळाले.

कमलाकर : सदाशिवराव काय म्हणाले?

घनश्याम : पहिले अंगावरच आले. ‘व्याही, काय ठरलं होतं आपलं?’ म्या हात जोडले. म्हटलं, मंग मले काय मारा लागन ते मारा, पर आता शाळेत चाला. ऐकत नव्हते. खुर्चीवर जाऊन बसले, पाय पसरून. म्हने, ‘मी नाही उठत.’ मंग रस्त्याच्या टोकाले धूळ दिसली त्यायले. भिंतच उभी राह्यली होती सर. ताडकन उठले. म्हाताऱ्या मायले पाठीवर घेतलं अन् पळत सुटले. मी मांगून त्यायच्या चपला घेऊन.

कमलाकर : बरं झालं. फार बरं झालं रे.

घनश्याम : मधला खांब पडला ना सर, तो त्याच खुर्चीवर पडला. आता जाऊन पाह्यलं आमी दोघांनी. खुर्चीचा चुरा झाला... मी रडून राह्यलो, सर. पोरीच्या लग्नात बाप रडतेच, म्हून कोनाले कळत नाही.

कमलाकर : रड. आज तुला सगळं माफ आहे.

घनश्याम : हे काय कडाडलं? सर? हे आमच्याकडे नाही वाजलं. आमच्याकडे आता उघडलं. हे तुमच्या फोनमंदी वाजलं. तुमी हाय कुठी?

कमलाकर : घरीच आहे.

घनश्याम : घरी कुठी?

कमलाकर : गच्चीवर.

घनश्याम : कायले?

कमलाकर : अरे, तीच रेघ आता इकडे येऊन राहिली ना! इतक्या वर्षांत असा ढग पाहिला नाही मी. खालची कड अशी लोळत येते आहे, कोणी लाटणं फिरवून राहिल्यासारखी. माझी वारा मोजायची चक्री बघ कशी फिरते.

घनश्याम : चक्री तुमची लोखंडी पाइपावर हाय.

कमलाकर : पाइपाला धरलं नाही मी. बाजूला उभा आहे.

घनश्याम : वैनी कुठी हाय?

कमलाकर : कुंदा जिन्यातून ओरडून राहिली मघापासून. पाच मिनिटं फक्त. पुढची कड डोक्यावरून गेली की उतरलोच.

घनश्याम : आठशे मानसं हलवली तुमी, अन् सोता पाइपाच्या बाजूले उभे! उतरा सर. मी पाया पडतो.

कमलाकर : पाच मिनिटं रे.

घनश्याम : नियम हाय ना आपला? माहा ‘हो’ हाय. उतरा.

कमलाकर : एकाच्या ‘हो’वर होत नाही. तूच केला आहेस नियम.

घनश्याम : थांबा... सदाशिवराव माह्या बाजूलेच बसले हाय, मायले पानी पाजून राह्यले. सारं ऐकून राह्यले. ते म्हनतात, दुसरा ‘हो’ माहा. म्हनतात, त्या मास्तरले सांगा, तुमच्याकडचं आभाळ काही चांगलं नाही, पहिले खाली उतरा... सर, आभाळाचं नाव त्यायनंच काढलं. सर? हाय ना तुमी?

कमलाकर : आहे. उतरतो.

समीक्षा : काका, नुसतं म्हणू नका. दाराची कडी लावल्याचा आवाज येऊ द्या फोनवर. मुहूर्त झाला, सारे उभे आहेत इथं व्हरांड्यात. तुम्ही आत गेल्याशिवाय मी अंतरपाट धरू देणार नाही.

कमलाकर : आलो, बाई, आलो. हा जिना... हे दार. लावली कडी. ऐकलं? धरा आता अंतरपाट.