रोपवे आमच्या गावावरून

रोपवेचं कौतुक माझ्यासमोर नको, माझं टाळकंच सरकतं. आमच्या पारनेरकडच्या गावात एसटी येत नाही. फाट्यापर्यंत पायपीट ठरलेली. अशा गावाच्या ग्रामसभेत कंपनीचा एक साहेब उभा राहून सांगतो, "नगरहून एमआयडीसीपर्यंत रोपवे होणार. बससारखाच, रोजच्या प्रवासाला. आणि तो तुमच्या गावावरून जाणार!"

टाळ्याच टाळ्या! सरपंचांनी लगेच साहेबाच्या अंगावर शाल घातली. गुडघेदुखीनं बेजार झालेली माझी आई म्हणाली, "आता नगरच्या दवाखान्यात माजी मीच जाईन."

मी आपलं सहज विचारलं, "साहेब, आमचा थांबा कुठं?"

"थांबा नाहीये. गावावरून म्हणजे गावाच्या वरून. तुमच्या गायरानात फक्त खांब येतील." वर निर्लज्जासारखा हसतो, "पण खालून बघायला काय मस्त दिसेल!"

मी तोंड उघडणार, तोच आई गुडघ्यावर हात टेकत उठली.

"मंजी आमी नुसतं वर बघायचं, व्हय? मग साहेब, आदी ती शाल काढा. तिला आमच्या गावात थांबा हाय!"