विमानतळ ते विमानतळ

नाही, काशिरामभाऊ, मुलाची माहिती असलेला तो कागद पिशवीतच राहू दे, आणि एक तास पंचवीस मिनिटं मला पुन्हा सांगू नका — थोरल्या अंकिताचं स्थळ आणलंत तेव्हा याच खुर्चीत बसून म्हणाला होतात ना? हैदराबाद काय लांब, वहिनी, विमानतळ ते विमानतळ दीड तासही नाही, विचुंब्याहून तुमच्याकडे यायला मला रिक्षा मिळेपर्यंत तेवढा वेळ जातो — आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले. पण विमानतळात राहतं कोण हो? आम्ही इथून सहारला पोचेपर्यंत अर्धा दिवस, तिचं घर तिकडच्या विमानतळापासून आणखी दीड तास. आमच्यात पोरी कुठे दिल्या आजवर? कळंबोली, उरण, फार तर मोऱ्याला — सकाळी रुसून निघाली तर दुपारी जेवायला आईकडे. आणि अंकिता? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, तर सातव्या महिन्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, विमान नाही, प्रवासच नाही, पडून राहा. मग कुठे गेली तुमची मिनिटं? आवाज चढलाय माझा, कळतंय मला. चढू दे.

काय? आता विमानतळ दाराशी आलाय, धाकटी हेतलही तिकडे गेली तर दोघी बहिणी एका गावात, आणि तुमचं विमान काही पुन्हा मानखुर्दच्या ट्रॅफिकपायी चुकायचं नाही, म्हणता — कसलं ट्रॅफिक? रस्ता मोकळा होता त्या दिवशी, चांगली तीन तास आधी पोचले होते मी —

बसा. निघालंच आता तोंडातून. जावयांनी तिकीट काढलेलं, पिशवीत डिंकाचे लाडू, अंकिता फोनवर रडतेय — आई, उद्या ऑपरेशन आहे, तू ये. दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, म्हणाला, मावशी, जा आत. आणि माझे पाय उचलेनात. जन्मात विमानात बसले नव्हते, त्यात एकटी — बाहेर बाकावर बसून राहिले, घड्याळ बघत, ते विमान उडून जाईपर्यंत. मग तिला फोन केला, ट्रॅफिकमध्ये अडकले म्हणून. तर तीच मला समजावते, असू दे आई, लांब आहे ना. लांब आहे ना, म्हणाली. चार दिवसांनी ट्रेनने गेले, बाळाला टोपी घातली, आणि तिथेसुद्धा ट्रॅफिकच सांगितलं. वर्षभर शिव्या तुम्हाला घालतेय, भाऊ, तुमच्या मिनिटांना —

हेतल. तू दारात कधीपासून उभी आहेस? ठेव तो चहा. ताईला लगेच सांगू — नाही, काही नाही. भाऊ, तुम्ही निघा, कागदही न्या. आमचं नाही म्हणून कळवा त्यांना.

हेतल, भाऊंपुढे हात कशाला करतेस? अगं, बघ तरी माझ्याकडे.

द्या तिला तो कागद. द्या, आणि जा.