पाचव्या वेळी टक्

नणंद : नाही हो काका, स्वयंपाकघरातला नकोय. खिशात मावणारा, मिटणारा. आमच्या वहिनींना हवाय, कामासाठी.

दुकानदार : मग हा बघा. लाकडी मूठ, पितळी टोकं. पहिलाच चाकू ना? पहिला चांगलाच घ्यावा.

वहिनी : देखणा आहे हो. पण उघडायचा कसा?

दुकानदार : पात्यावर ही खाच आहे ना, तिच्यात नख घालून ओढायचं. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताने...

नणंद : द्या इकडे, मी उघडून दाखवते.

वहिनी : चिमे, थांब. काका, माझा उजवा हात चालत नाही. दोन वर्षं झाली, कारखान्यात यंत्रात सापडला. बोटं आहेत, पण शोभेची. नुसत्या डाव्या हाताने उघडेल असा आहे का एखादा?

दुकानदार : माझ्या लक्षातच नाही आलं, ताई. काम काय करता?

वहिनी : रोपवाटिकेत लागलेय, महिना झाला. रोपांना काठ्या लावून बांधायच्या. गाठ मारायला शिकले, एक टोक दातात धरून.

दुकानदार : दातात धरून?

नणंद : दोन महिने घरी खुर्चीच्या पायाला सुतळी बांधत बसायच्या. आमच्या सगळ्या खुर्च्यांना शेपट्या होत्या.

वहिनी : पण गाठ मारून झाली की सुतळी कापायला, 'अहो, जरा कापून देता?' दिवसातून पन्नास वेळा. शेजारची बाई चांगली आहे, कधी नाही म्हणत नाही. मलाच तिच्याकडे बघवत नाही.

नणंद : मी म्हटलं, घरातली सुरी न्या.

वहिनी : आणि उघडं पातं खिशात घालून दिवसभर उठाबशा काढू? मिटणाराच हवा. आणि काका, स्वस्तातला बघा. मातीत पडणार, पाण्यात पडणार. हरवला तर रडू येऊ नये.

दुकानदार : आधी हा दुसरा धरून तर बघा. थोडा महाग आहे, पण पात्यावर बोंड आहे. अंगठ्याने ढकललं की उघडलाच.

वहिनी : बोंड पलीकडच्या बाजूला आहे. माझा अंगठा इकडे.

दुकानदार : अरेच्चा! खरंच की. आणि पातं अडवणारी पट्टीसुद्धा उजव्या हाताचीच. इतकी वर्षं विकतोय, कधी डाव्या हातात धरून बघितला नाही. थांबा, खालच्या खणात एक आहे. कोणी घेत नाही बिचाऱ्याला.

नणंद : हा? हा तर खेळण्यातला वाटतो. नारिंगी प्लास्टिक!

दुकानदार : दिसायला तसाच आहे. पण बोंड दोन्ही बाजूंना आहे, आणि खटका मुठीच्या पाठीवर, मधोमध. त्याला डावं-उजवं कळत नाही. पातं गंजणार नाही. किंमत मघाच्याच्या पाव.

वहिनी : आणि नारिंगी मातीत पटकन दिसेल. द्या बघू.

नणंद : अहो, हळू! पडला ना. आणा, मी...

दुकानदार : ताई, तुम्ही हात मागे घ्या. त्यांना करू द्या.

वहिनी : पुन्हा. ...नाही. पुन्हा.

नणंद : कपाळावर घाम आलाय, वहिनी. उद्या येऊ या का?

वहिनी : उद्या पन्नास रोपं आहेत. गप्प बस जरा.

(पाचव्या वेळी, टक्.)

दुकानदार : वा! लागला खटका. आता मिटवायचा. पात्याची पाठ मांडीला टेकवा, धार बाहेर. अंगठ्याने खटका दाबा आणि मूठ हळूच पुढे ढकला. पातं मिटत येईल तशी बोटं आत येऊ देऊ नका. शाब्बास!

वहिनी : सुतळी आहे का थोडी?

दुकानदार : ही घ्या. मी ताणून धरतो.

वहिनी : नको. तिथे तुम्ही नसणार.

नणंद : मग धरणार कशाने?

वहिनी : उजव्या कोपराखाली. हात चालत नसला तरी वजन आहे ना त्याला. त्यालाही काम नको का?

दुकानदार : ...एका ओढीत कापली! ताई, तीस वर्षं चाकू विकतोय. घेणारे पातं बघतात, मूठ बघतात, चारचौघांत मिरवतात. तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही बघितलं. लोक 'डाव्या हातचा मळ' म्हणतात, त्यांना इथे उभं करायला हवं.

वहिनी : पुरे हो, काका. किती द्यायचे सांगा.

दुकानदार : लिहिलेत तेवढेच. कमी करणार नाही. दया केली असं वाटेल तुम्हाला.

वहिनी : बरं झालं बोललात. आता मीही घासाघीस करत नाही. चिमे, तुझा चेहरा का उतरला?

नणंद : कुठे काय. चला.

वहिनी : मी जेवायला बसायच्या आधी माझ्या ताटातलं फळ तू चिरून ठेवतेस, मला मागावं लागू नये म्हणून. आणि विचारलं की सांगतेस, आज बाजारात चिरलेलंच मिळालं.

नणंद : तुम्हाला माहीत होतं?

वहिनी : दोन वर्षं बाजारात चिरलेलं फळ मिळतं होय गं?

नणंद : आता नको ना मग ते.

वहिनी : आज तुझ्यासाठी मी चिरते. फोडी लहानमोठ्या होतील, वेळ लागेल.

नणंद : मी बसते तोवर.