दुखलं तर डावा हात

हसा. तुम्हाला तोंड मिटता येतं, म्हणून हसताय. मी तिथे खुर्चीत आडवा, पाय डोक्यापेक्षा वर, गळ्यात तान्ह्या मुलासारखं लाळेरं, तोंड हे एवढं उघडं आणि बोलायची सोय नाही. आणि वर दातांचे डॉक्टर विचारतात, "काका, गाणं कसं वाटतंय?"

तुम्हाला सांगतो, मी गेलो होतो दाढेसाठी. त्या बाजूला एकच उरली आहे, कवळीची तार तिच्यावरच अडकते, ती गेली की पुढचं सगळं आयुष्य पातळ. डॉक्टर म्हणाले, वाचवू. इंजेक्शन दिलं, म्हणाले, दुखलं तर डावा हात वर करा. इथवर ठीक. मग त्यांनी टीव्ही लावला... छतावर! आडव्या माणसाने दुसरीकडे बघायचं तरी कुठे? टीव्हीत मोकळं मैदान, मैदानात लाकडी मंच, मंचावर काळ्या कोटातले पन्नासेक वाजवणारे, आणि मधोमध निळ्या झग्यातली एक बाई माझ्याहून मोठं तोंड उघडून गाते आहे. त्या गाण्याला ऑपेरा म्हणतात आणि असल्या उंच आवाजाच्या बाईला सोप्रानो, हे डॉक्टरांनी दाढ कोरता कोरता सांगितलं. मी विचारलं नव्हतं. विचारणार कसा?

आणि बाई कोण? माझ्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून जी बसली होती, तीच. डॉक्टरांची बायको. मदतनीस रजेवर, म्हणून नळी हिच्या हातात. वर ती, खाली ती, मधे मी.

सकाळपासून दोघांचं वाजत होतं. हे रेकॉर्डिंग त्याच दिवशी कुठल्याशा मोठ्या संगीत मंडळींकडे पाठवायचं होतं, त्यांना पसंत पडलं तर हिला तिथे गायला मिळणार. डॉक्टर म्हणत, पाठव. ती म्हणे, वाऱ्याने वाट लावली आहे, पुसूनच टाकते. शेवटी ठरलं, आता जो खुर्चीत येईल तो सांगेल. आणि आलो मी. डॉक्टर खूश. त्यांचे वडील कारखान्यात माझ्या हाताखाली होते, मी फोरमन. कुणाच्या कामाला चांगलं म्हटलं नाही कधी. फार झालं तर, ठीक. वडील निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना एक ठीक मिळालं, ते म्हणे त्यांनी मरेपर्यंत घरात सांगितलं. "काका खोटं बोलणार नाहीत," डॉक्टर बायकोला म्हणाले. "काका, आवडलं तर उजवा हात, नाही आवडलं तर डावा."

आता बघा हं. दुखलं तरी डावा, नावडलं तरी डावा. मला कळलं, पण सांगू कसा? तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही.

मशीन सुरू. घुर्रर्र... वरून ती, आऽऽऽ... मला सुरातलं काही कळत नाही, पण दाढेला कळत असावं. मशीन नेमकं नसेवर गेलं आणि माझा डावा हात आपोआप वर. बाईचा चेहरा उतरला. "बघ, मी म्हणत होते," एवढंच बोलली, आणि तिचा हात माझ्या पलीकडच्या कॉम्प्युटरकडे. पुसायला! मी घाईघाईने उजवा वर केला. डावा खाली घ्यावा तर दाढ ठणकतेय. दोन्ही हात वर, पकडलेल्या चोरासारखा.

"म्हणजे मध्यम?" डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी मशीन बंद केलं आणि सुई बदलायला पाठ फिरवली. तेवढ्यात वर मैदानात वारा सुटला. वाजवणाऱ्यांचे कागद उडाले, माणसं कागदांमागे पळाली, कागद ठेवायचे स्टँड धडाधड आडवे... एकेक वाद्य गप्प. समोर बसलेले लोक टोप्या धरून उठायला लागले. आणि ही बाई जागची हलली नाही. केस तोंडावर, झगा पायात, साथीला कुणी नाही, आणि ती गातेच आहे. गाणं संपेपर्यंत. भट्टीवर इतकी वर्षं काढली मी, काही बिघडलं की कोण पळतं आणि कोण जागेवर उभं राहतं, ते... असो. डोळ्यांतून पाणी आलं. इंजेक्शनचं असेल.

डॉक्टर वळले. "काका, दुखतंय?"

मी मान हलवली, हो. काय सांगणार? गाणं ऐकून रडतोय? या वयात? ते दुसरं इंजेक्शन भरायला लागले.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "अरे, मशीन बंद आहे."

दोघं माझ्याकडे बघताहेत. तोंड उघडं, बोलायची सोय नाही, आणि फिरवायचीही सोय नाही. काय करणार? उजवा हात वर केला. एकटा उजवा.

तिने नळी नवऱ्याच्या हातात दिली आणि माझ्या अंगावरून वाकून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पाठवलं.

घरी आलो तर अर्धं तोंड बधिर. बायकोने विचारलं, कसं झालं? म्हटलं, ठीक. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. अर्धी दाढ राहिली आहे आणि अर्धा कार्यक्रम. बायको म्हणते, एवढं कुरकुरताय तर दुसरा डॉक्टर बघा. बघितला असता हो... पण दाढ काय अशी अर्ध्यावर सोडून येता येते?