टपावरचा मल्लखांब

आमच्या कदम सरांच्या एका शब्दानं सगळं प्रात्यक्षिक बोंबलणार होतं, माहितीय का?

औशाच्या शाळेत आमच्या पोरांचा मल्लखांब होता. पोरं एसटीनं पुढं गेली आन् खांब न्यायचा टेम्पो आलाच न्हाई. मग आम्ही दोघा मास्तरांनी लातूरहून तो खांब सरांच्या छोट्या गाडीच्या टपावर बांधला. मागं हातभर बाहेर आला, म्हणून टोकाला लाल फडकं. एरंडेल चोपडून खांब नुसता चमकून राहिला होता.

वाटेत चहाला थांबलो. एका आजीनं टपाकडं बघून विचारलं, "हे कोणतं हाय?"

सरांना वाटलं, गाडीचं विचारून राहिली. म्हणले, "मारुती हाय, आजी. वडलांपासून आमच्या घरात हाय."

आजीनं तेल बघितलं, लाल फडकं बघितलं आन् चप्पल काढली. मी तोंड उघडेपर्यंत खांबाला शेंदूर लागला, हार चढला, नारळ फुटला. लोकं रांगेत उभी! आता खरं सांगायची हिंमत कुणाची?

औशात पोरांनी खांब उतरवला, रोवला आन् हात जोडून उभी राहिली.

मी ओरडलो, "अरे, चढा की!"

"सर, चढायचं का नुसत्या प्रदक्षिणा घालायच्या?"